यमाच्या वाट्याचा सॉस

काशीतल्या दुर्गाघाटावर राहणारे एक मराठी गृहस्थ बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरला बसतात. त्यांच्या गल्लीत चिकनचं नावही काढायची सोय नाही, म्हणून आम्ही शहराच्या लंका भागातल्या एका छोट्या रेस्टॉरंटात जातो.

तळलेल्या चिकनचं सँडविच समोर आलं की ते कागदी ताटलीभोवती पाणी फिरवतात. चित्राहुतीला भात नसतो, म्हणून उजवीकडे सॉसचे थेंब ठेवतात, एक चित्रगुप्ताचा, एक यमाचा. मग संपेपर्यंत मौन.

परवा त्यांनी सगळ्यात जहाल सॉस मागवला. मी नुसता बोटावर घेऊन चाखला आणि बाटलीभर पाणी प्यायलो. त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या.

"पाणी देऊ का?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी डोळे मिटून नकारार्थी मान हलवली आणि त्याच संथ लयीत चावत राहिले. मला हसू येत होतं, ते आपोआप विरलं. घाटावर जपाला बसलेला माणूसही मी इतका स्थिर पाहिलेला नाही.

शेवटचा घास गिळून त्यांनी तळहातावर पाणी घेतलं, प्यायले, आणि त्या थेंबांकडे बघत म्हणाले, "चटणी बढिया आहे भइया. पण आज यमराजांना ठसका लागला असणार."