कंपायलरवर घेतलेला संशय

शीतगृहाच्या खोलीचं तापमान उणे चार अंश होतं आणि माझा प्रोग्राम ते पासष्ट हजार पाचशे बत्तीस दाखवत होता. नोकरीचा पाचवा महिना. सहाव्या महिन्यानंतर मला कायम करायचं की नाही, हे पुण्याच्या ऑफिसातले सर ठरवणार होते. मी तळेगाव ढमढेऱ्याला घरून काम करायचो.

प्रोग्राम हास्केल भाषेत होता. आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. हास्केलचा कंपायलर फार कडक, जरा चुकलं की अडवतो. त्यामुळे त्याच्यावर संशय घेणं मला उद्धटपणाचं वाटे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. छापलेलं पुस्तकही चुकू शकतं, हे मला उशिरा कळलं.

धीर करून सरांना फोन केला आणि चूक कंपायलरची तर नसेल ना, असं विचारलं.

"माझ्याकडे उणे चारच येतंय," सर म्हणाले. "तुझ्या मशीनचं काहीतरी असेल. गावाकडची लाइट, जुना लॅपटॉप. आणि कंपायलर चुकतोय असं बाहेर कुठे लिहू नकोस. हसं होईल."

मग मी सगळ्यांवर संशय घेतला. इन्व्हर्टरवर, लॅपटॉपच्या मेमरीवर, स्वतःवर तर सर्वांत जास्त. मी माझी चूक झाकतोय असं सरांना वाटत असेल, असाही. प्रोग्राममधली एकेक ओळ काढायची आणि पुन्हा चालवून बघायचं. चार दिवसांनी अकरा ओळी उरल्या. आकडा तोच.

दुसऱ्या मशीनवर बघावं म्हणून दौंडला मामांकडे गेलो. त्यांचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर त्या अकरा ओळी चालवल्या. तिथेही तेच.

"काय भाचेबुवा, तोंड का उतरलंय? जळाली का मोटर?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं, की सरांकडे बरोबर चालतं, माझ्याकडे चुकतं.

"गिऱ्हाईक बी असंच म्हणतंय. शेजाऱ्याकडं चालली म्हणतंय. मी इचारतो, पान्यात सोडून चालवली, का वरच रिकामी फिरवली? रिकामी कुठलीबी फिरती. तुज्या सायबानं कशी चालवली?"

"सरांना कसं विचारायचं, मामा? त्यांनी नोकरी दिलीय."

"मग काय झालं? आमदाराची मोटर आली तरी मी उघडूनच बघतो."

सगळ्यांवर संशय घेतला होता, सरांवर मात्र नाही. त्यांनीही रिकामीच फिरवली असेल तर? मी तिथेच बसून ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगाने चालावा म्हणून कंपायलर करतो ती काटछाट, बंद केली. उणे चार. चालू केली. पासष्ट हजार पाचशे बत्तीस.

सरांना मेसेज तीनदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी पाठवला: "सर, तुमच्याकडे ऑप्टिमायझेशन बंद तर नाही ना?"

पाऊण तासाने फोन आला. "बंद होतं. चालू केल्यावर माझ्याकडेही चुकतंय. तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सर. दोन्ही करून बघितलं."

"कंपायलर सांभाळणाऱ्यांकडे रिपोर्ट टाक. तुझ्या नावाने टाक."

त्यातही मला संशय आला. खोटं ठरलं तर बुडणार मी एकटाच.

रिपोर्टचा पहिला खर्डा शाळेतल्या अर्जासारखा झाला. आधी आभार, मग माफी, मग पुन्हा आभार. सगळं काढलं. अकरा ओळी, कंपायलरची आवृत्ती आणि दोन्ही उत्तरं, एवढंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी कंपायलर सांभाळणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं. चूक कंपायलरचीच होती. उणे आकडा मेमरीतल्या छोट्या जागेतून मोठ्या जागेत हलवताना काटछाटीत त्याचं उणेपण हरवत होतं. हीच चूक पुन्हा आली तर कळावी म्हणून त्या अकरा ओळी त्यांना आपल्या चाचण्यांत ठेवायच्या होत्या. चालेल का, असं विचारलं होतं. मलाच कशाला विचारतात, म्हणून मी त्यात काही मेख आहे का ते तीनदा वाचून शोधलं. सापडली नाही. "ठेवा" असं लिहिलं आणि ते उत्तर सरांना पाठवलं.

सहावा महिना संपला आणि कायम केल्याचं पत्र आलं. उघडल्यावर आधी वर नाव माझंच आहे ना, ते पाहिलं.