केळकरची मनाची गोळी

बायपासवाल्यांच्या व्यायामवर्गात किस्से फार साठतात. पाच मिनिटं सायकल मारली की दहा मिनिटं बसवून ठेवतात, आणि बसलेला पुणेकर गप्प राहत नाही. माझ्या प्रत्येक किश्शात मात्र केळकर येतो. माझ्याच कंपनीतला, माझ्याबरोबरच व्हीआरएस घेतलेला, माझ्यानंतर महिन्याभरानं बायपास झालेला. आणि तरी माझ्याहून सुखी! जळतो मी त्याच्यावर, सांगूनच टाकतो.

*

सुरुवातीला तो कोपऱ्यात भिंतीकडे बघत बसायचा. मला जरा बरं वाटायचं. मग डॉक्टरबाईंनी सगळ्यांना एक फॉर्म दिला. झोप लागते का, भूक लागते का, रडू येतं का. मी सगळीकडे 'उत्तम' लिहिलं. हृदयाच्या दवाखान्यात या चौकश्या कशाला? केळकरनं खरं ते लिहिलं. त्याला हृदयाच्या पाच गोळ्यांबरोबर सहावी मिळाली, मनाची.

*

दीड-दोन महिन्यांनी केळकर बुधवार पेठेतून रेडिओ घेऊन आला आणि वर्गात गाणी लावायला लागला. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "अहो, हे आता आंघोळीला जाताना शीळ घालतात." माझ्या बायकोनं घरी येऊन माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

आमच्यात एक मेश्राम आहे. वर्ध्याचा, आयटीतला, वय छत्तीस. त्यालाही ती गोळी! तो रोज स्वतःच्या मूडला दहापैकी मार्क देऊन एक्सेलमध्ये भरतो. ग्राफ दाखवला. आधी आडवा, मग हळूहळू चढता.

"काका, लगेच फरक पडत नाही. थांबावं लागतं."

"काल किती दिलेस?"

"नऊ."

"पुण्यात नऊ कुणी देत नाही. सात कर."

*

एकदा केळकरला म्हटलं, "एक दे की मला."

"साने, ही काय बडीशेप आहे? डॉक्टरांना विचार."

विचारायचं म्हणजे काहीतरी होतंय असं कबूल करायचं. मला गोळी हवी होती, ती केळकरला आहे म्हणून. निदान मी स्वतःला तसंच सांगत होतो.

*

शेवटी त्याला चहाला बोलावलं, फॉर्मवर काय लिहिलं होतं ते काढून घेतलं आणि पाठ केलं. झोप : पहाटे तीनला मोडते. भूक : नाही. रडू : आठवड्यातून दोनदा.

मग डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी झोपेचं विचारलं. मी झोप, भूक, रडू एका दमात सांगून टाकलं.

"अहो साने, रडण्याचं मी अजून विचारलंच नाही."

मी भिंतीवरचा हृदयाचा तक्ता बघायला लागलो.

"बरं, दोनदा. शेवटचं कधी?"

हे काही केळकरनं सांगितलं नव्हतं.

"रविवारी," मी म्हणालो. "मंडईत. दोन किलो बटाट्यांची पिशवी उचलायला गेलो, तर बायकोनं हातातून काढून घेतली. भाजीवालीसमोर. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि..."

बाईंनी लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हे केळकरचं नाही. हे माझं आहे."