एन्झाइमची पट्टी आणि सोसायटीची विहीर

त्या दुष्काळात मी पाण्यातलं कीटकनाशक ओळखणारं एक छोटं यंत्र पिशवीत घालून बीडहून गावोगाव फिरत असे. यंत्र साधं, पण त्याच्या पट्टीचे लाड फार. तिच्यावर एन्झाइमचा पातळ थर असायचा. पट्टी पाण्यात बुडवून एन्झाइमला त्याचं खाद्य द्यायचं. पाणी चांगलं असलं की ते आपलं काम करी आणि बारीकसा विद्युतप्रवाह वाहू लागे. फवारणीचं औषध असलं की एन्झाइम लुळं पडे आणि प्रवाह घसरे.

नेकनूरच्या पुढच्या एका गावात फक्त दूध सोसायटीच्या विहिरीला पाणी उरलं होतं, तेही तळाला. कापसावर फवारायचे पंप तिथंच धुतले जात, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला बोलावलं होतं. विहिरीपाशी एक बाई म्हशीचं दावं धरून उभी होती. नवरा ऊसतोडीला गेला होता, ही म्हशीपायी मागं राहिली होती. सोसायटीला घातलेल्या दुधावर घर चालत होतं.

पट्टी बुडवली तर प्रवाह जवळजवळ नाहीच. सेक्रेटरीनं माझा चेहरा वाचला आणि बाभळीच्या काट्या ओढून विहिरीवर टाकल्या. विहीर बंद झाली हे गावाला कळायला तेवढं पुरतं.

"मग उद्या हिला बाजार दाखवावा लागंल," म्हशीकडे बघत बाई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता.

दुष्काळात तेरावा महिना, असं काहीतरी सेक्रेटरी पुटपुटला. मी बादली विसळायला वाकलो आणि नाकात वास गेला.

"विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली का?"

"टाकली की," सेक्रेटरी म्हणाला. "तुमी तपासाया येनार म्हनून सकाळीच टाकली. गावाची अब्रू हाय."

मला राग आला. आमच्या जिल्ह्यात तपासणी म्हटलं की आधी झाडलोट. औषधाशी गाठ पडायच्या आत पावडरीतल्या क्लोरीननंच एन्झाइमचा निकाल लावला होता. मी नमुन्यात क्लोरीन मारणारी पूड टाकली, नवी पट्टी काढली. प्रवाह नीट वाहिला. पाण्यात फवारणीचं औषध नव्हतं. सेक्रेटरीनं काट्या बाजूला केल्या.

बाई जागची हलली नाही. "मघाशी मशीन चुकलं ना? मग आधी तुमी प्या."

मी तांब्याभर प्यालो. ती माझ्यासमोर बसली. "बसा जरा," म्हणाली. फाट्यावरून बीडची एसटी निघून गेली. सेक्रेटरीनं दोनदा चहाचं विचारलं, कुणीच हो म्हटलं नाही. त्या बसण्यात मला यंत्राला न कळणारी एकेक गोष्ट आठवत गेली. त्याला विषाचं एकच घराणं ठाऊक होतं, बाकीच्यांची त्याला ओळखच नव्हती. हे मी व्याख्यानांतून कितीदा सांगितलं होतं. आता तेच पाणी माझ्या पोटात होतं आणि मला साफ भीती वाटली.

उन्हं कलल्यावर ती उठली. बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन स्वतः प्याली आणि पुन्हा खाली बसली. म्हशीची पाळी अजून आली नव्हती; दावं तिनं सोडलं नव्हतं.