विहीणबाईंचे चार शब्द

माझी मुलगी इथे अमेरिकेत, बॉथेलमध्येच जन्मली, वाढली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, हे आमच्या घरात इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचं वाईट वाटणंही बंद झालं होतं. मग तिचं लग्न झालं, सासू हाँगकाँगची मिळाली आणि दोन वर्षांत ही पोरगी सासूशी कँटोनीज बोलायला लागली. माझा जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू?

एका रविवारी विहीणबाईंनी जेवायला बोलावलं. त्या त्यांच्या भाषेत सूपचा आग्रह करत होत्या, मी मराठीत नको नको म्हणत बाउलवर हात धरून बसले होते. मुलगी म्हणाली, "कै थुंग आप कोंग." सगळे हसले. मग तिनं मला समजावलं: कोंबडी बदकाशी बोलतेय. दोघं बोलत राहतात आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही, तेव्हा असं म्हणतात. मीही हसले, पण आतून धुमसत होते. माझ्या भाषेतलं असं काही हिच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

मी हट्टाला पेटले. आठवडाभर ऑफिसला जाताना गाडीत तेच चार शब्द घोकले. पुढच्या खेपेला माझा नवरा व्याह्यांना क्रिकेट समजावत होता आणि व्याही त्याला आपल्या टोमॅटोंबद्दल सांगत होते. मी ऐटीत ते चार शब्द टाकले.

टेबलावर हशा पिकला. शब्द बरोबर होते, पण त्या भाषेत सुरावर अर्थ ठरतो आणि माझे सूर पार चुकले होते. सगळ्यात मोठ्यानं मुलगी हसली. फक्त विहीणबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी ते शब्द सावकाश म्हटले आणि माझी वाट बघत थांबल्या. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"आई, जस्ट ट्राय अगेन," मुलगी म्हणाली. "शी नेव्हर लाफ्स ॲट मिस्टेक्स."

ती पाच वर्षांची असताना आमच्या घरी गणपतीला आलेल्या एका काकूंना म्हणाली होती, "माझी बाबा आली." सगळे खो खो हसले. मला इतकं कौतुक वाटलं, की दिवसभर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे मी तिला तेच वाक्य म्हणायला लावलं. संध्याकाळी ती पडद्यामागे जाऊन बसली.

त्यानंतर ती माझ्याशी मराठीत बोलल्याचं मला आठवत नाही.