दंडाचा पट्टा

आईला बीपीचं मशीन मीच आणून दिलं. अक्कल पाजळली, दुसरं काय!

वडील गेल्यापासून ती गावी, बावड्यात एकटी. दर पंधरा दिवसांनी एसटी धरायची, इंदापूरला गाडी बदलायची आणि बारामतीला डॉक्टरांकडे यायची. डॉक्टर बघणार दोन मिनिटं, बाकी सगळा दिवस दवाखान्याच्या बाकावर बायकांसोबत. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं तिला ठाऊक. एमआयडीसीतून सुटलो की मी तिला स्टँडवर सोडायचो. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ती लगेच सांगायची, "पोरगा हाय माजा."

मला तिची दगदग बघवेना. म्हणून मशीन घेतलं, वापरायला शिकवलं, महिन्याच्या गोळ्या घरपोच केल्या आणि म्हटलं, "आता हलायचं नाही. घरीच बस निवांत." ती नुसतं "बरं" म्हणाली. मी मेला खूश!

तीन महिन्यांत ती वाळली. झोप उडाली, जेवण तुटलं. फोनवर सांगायची ते आकडे दर वेळी चढेच. गाडी करून बारामतीला आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला, गोळी वाढवली. मग मलाच विचारलं, "घरात बोलायला कोण असतं यांच्याशी?" कप्पाळ!

तशीच तिला फ्लॅटवर ठेवून घेतली. आम्ही दोघं नवरा-बायको कामावर, पोरं शाळेत आणि क्लासला. आठव्या दिवशी तिनं पिशवी भरली. "हितं भिंतीबी वळखीच्या न्हाईत रं," म्हणाली. म्हटलं, मग पहिल्यासारखी एसटीनं येत जा. तर आता तिला एसटीची पायरी चढवत नाही.

परवाच्या रविवारी गेलो. पट्टा बांधून बघितलं तर बीपी अगदी बरोबर. मी चिडलो. "फोनवर काहीतरीच आकडे सांगतेस काय गं?"

"न्हाय बाबा. तू आलास म्हनून उतरलं आसंल."

मशीनमध्ये जुने आकडे साठलेले असतात. बटण दाबत गेलो तर दिवसातून दहा-दहा, बारा-बारा वेळा मोजलेलं. "अगं, डोकं फिरलंय काय तुझं? सकाळ-संध्याकाळ म्हणून सांगितलं होतं ना?"

ती दंड चोळत बसली. खाली बघत म्हणाली, "पट्टा फुगला की कुनीतरी दंडाला धरल्यावानी वाटतं रं."

मी तिचा दंड धरून बसलो, दिवस कलेपर्यंत. पण सकाळी माझी पहिली पाळी होती.

निघताना तिनंच हात पुढं केला. मी पट्टा बांधला, बटण दाबलं आणि बाहेर पडलो.