गवतावर ठेवलेला चेंडू

नाचणगावजवळच्या गोल्फच्या मैदानावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवोदित व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा सुरू झाली. दोन वर्षे भरली आणि बंद पडली. दुसऱ्या वर्षी माझा थोरला भाऊ तीत खेळला.

सातवीत शाळा सोडून तो साहेब लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलू लागला होता. पुढे त्यांनाच खेळ शिकवू लागला. त्याच्या त्या उन्हातल्या चालण्यावर मी बी.ए., बी.एड. झालो. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेज पाहिले नव्हते.

पहिल्या पाचांना मोठ्या स्पर्धांत वर्षभर खेळायला मिळणार होते. भाऊ पस्तिशीला आला होता. पुन्हा अशी संधी येईल असे त्यालाही वाटत नव्हते.

शेवटच्या दिवशी मी शाळेतून रजा काढून त्याच्यामागे चालत होतो. सोबत मामा होते. फेब्रुवारीतच ऊन तापले होते.

"येवढ्याशा चेंडूपायी येवढी पायपीट!" मामा म्हणाले. "तेवढ्यात हरभरा सोंगून झाला असता."

आमच्या मैदानावर गवत कमी. चेंडू उघड्या मातीत पडला, की उचलून जवळच्या गवतावर ठेवायचा आणि मग मारायचा, ही तिथली रोजची रीत. स्पर्धेत मात्र ती चालणार नव्हती. सकाळीच तसे सांगितले होते.

खेळ संपत आला तेव्हा भाऊ पाचांत होता आणि फार दमला होता. त्याचा चेंडू मातीत पडला. त्याने वाकून तो उचलला, गवतावर ठेवला आणि मारला. फटका सुरेख बसला. मामांनी टाळी वाजवली. भाऊ मात्र जागेवरच उभा राहिला. सोबतचा खेळाडू पलीकडच्या झुडपांत आपला चेंडू शोधत होता. भाऊ सरळ पंचांकडे गेला आणि झाले ते त्याने सांगून टाकले. दोन फटक्यांचा दंड लागला. पाचांतली जागा गेली.

"कोणी पाह्यलं नोतं. काऊन सांगतलं बे?" परतताना मामा चिडले.

"सवयीनं हात गेला मामा."

"मंग सवयीनंच चूप राह्यचं होतं."

"ते नाई जमत," भाऊ म्हणाला.

पुढच्या वर्षी स्पर्धा झालीच नाही. भाऊ शिकवत राहिला, पण शिकणाऱ्यांना चेंडूला हात लावू देईना. पडला तिथूनच मारा, म्हणायचा. साहेब लोक कुरकुरत.

"तुमच्या भावाला सांगा ना जरा," एकदा मैदानावर त्यांच्यातले एक जण मला म्हणाले.

मी भावाकडे पाहिले. तो पायरीवर बसून बूट काढत होता. सुजलेले पाय बाहेर निघायला बराच वेळ लागला.