चाळीसच्या आत

रस्त्याच्या कडेला वेगमर्यादेच्या ज्या पाट्या असतात, त्या सरकारनं फक्त आमच्या मामेसासऱ्यांसाठी लावल्या होत्या असं माझं ठाम मत आहे. कारण त्या दुसऱ्या कोणी वाचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला पनवेलवरून गोव्याकडे, पुण्याकडे, उरणकडे जेवढी म्हणून वाहनं धावत होती, त्यांच्या चालकांना त्या पाट्या एरंडासारख्या आपोआप उगवतात असं वाटत असावं. मामा मात्र पाटी दिसली की गाडी आणखी हळू करत, चष्मा नाकावर सारखा करत, आकडा मोठ्यानं वाचत आणि मान डोलावत. पाटीनं नमस्कार केला आणि त्यांनी तो घेतला, असा तो प्रकार असे. मग एखादा बैल वळावा तशी त्यांची जुनी फियाट पुढे निघे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. सारी नोकरी त्यांनी मुंबईत तार कचेरीत केली. कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणी अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघा, अशी जगातली सगळी घाई बत्तीस-पस्तीस वर्षं त्यांच्या बोटांखालून गेली. निवृत्त होऊन पनवेलला राहायला आले तेव्हा घाई या वस्तूचा त्यांना वीट आला होता. आल्या आल्या त्यांनी ती फियाट घेतली, तिच्या सीटांवर पांढरे टॉवेल अंथरले आणि ज्याला ते 'मर्यादेचा अर्थ' म्हणत तो तालुक्याला समजावून सांगण्याचं व्रत घेतलं. अर्थ साधा होता. ते म्हणायचे, "पाटीवर चाळीस लिहिलंय म्हणजे चाळीसनं जा असं नव्हे. लिफ्टमध्ये 'सहा माणसे' असं लिहितात. आत पाच असली तर तुम्ही सहावा शोधायला बाहेर जाता का?" त्यामुळे चाळीसच्या रस्त्यावर मामा पस्तीसनं जात, ऊन तिरपं डोळ्यांवर येत असेल तर तीसनं, आणि पावसात किती वेगानं जात हे काट्यावर कळतच नसे, कारण त्यांच्या काट्याला तेवढं खालचं वाचता येत नव्हतं.

त्यांच्या मागे जी रांग लागे ती पाहण्यासारखी असे. रेतीचे ट्रक, उरणच्या बंदराकडून आलेले लांबलचक ट्रेलर, लग्नाच्या बसगाड्या, भाजीचे टेम्पो, सगळे हॉर्न वाजवत गोगलगायीच्या मागे निघालेले. मामांचा असा समज होता की हे लोक हॉर्न वाजवून त्यांना दाद देतात. ते आरशात पाहून हात वर करत. एसटीचे चालक त्यांना ओळखू लागले होते. पेणची गाडी उशिरा आली की पनवेलच्या स्टँडवर लोक चौकशी करत आणि कंडक्टर थकलेल्या आवाजात सांगे, "म्हातारा पुढं हाय." मग दरड कोसळल्यावर किंवा पूल वाहून गेल्यावर माणसं जशी निमूटपणे वळकटी उशाला घेतात, तशी ती बाकावर आडवी होत.

माझ्या स्वतःच्या लग्नाची कथा सांगण्यासारखी आहे. कार्यालय पेणला, मुलीकडचे पनवेलचे. वऱ्हाड बसनं आधी पोचलं आणि नवरीला मामांच्या गाडीतून आणायचं ठरलं, कारण मुलीला बोहल्यावर मामानंच आणायचं असतं. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ते नंतर कोणी कबूल केलं नाही. मी पाटावर उभा, समोर अंतरपाट, अंतरपाटापलीकडे कोणीच नाही. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, मग सावकाश केली, मग गणपतीची आणि कुलदैवताची नावं घेऊन लांबवली, आणि शेवटी घड्याळाकडे पाहून पंचांग उघडलं. मुहूर्त गेला. पुढचा निघाला तो बऱ्याच वेळानं होता. पंगतीचा भात गार झाला. माझे वडील मांडवाच्या दारात येरझारा घालत होते आणि हा अपशकुन आहे असं माझी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू सांगत होती. तेवढ्यात फियाट आली. मामांनी दार उघडून भाचीला उतरवलं, तिच्या शालूची घडी नीट केली, तिचा हात धरून तिला माझ्यासमोर आणलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, मुलगी अखंड आणलीय."

त्यांच्या मुलीच्या लग्नाची बैठक चालू असतानाही असंच झालं. मुलाचे थोरले भाऊ पुण्याहून मोटारसायकलनं आले होते आणि बोरघाट आपण कसा झटक्यात उतरलो ते रंगवून सांगत होते. मामांनी त्यांच्या हातात चहाचा काठोकाठ भरलेला कप दिला आणि दिवाणखान्यातून चालायला सांगितलं. ते चालले. 'थांबा' म्हटल्यावर थांबले. चहा जागच्या जागी. मग मामा म्हणाले, आता पळा. पाहुणा बिचारा हसत हसत पळाला, मामांनी 'थांबा' म्हटलं, तो थांबला आणि चहा मुलाच्या आईच्या पैठणीवर गेला. मामा शांतपणे म्हणाले, "पाहिलंत? पाय थांबले, चहा थांबला नाही. गाडीत तो चहा म्हणजे आपण." आमच्या मामींनी पदर तोंडाला लावला तो हसण्यासाठी नव्हे. लग्न मोडणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण मुलाच्या आईनं पैठणी झटकली आणि म्हणाली की आमच्या थोरल्याला हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं. लग्न झालं.

पण घराबाहेर त्यांचं कोणी ऐकलं नाही. महामार्गालगत एक शाळा होती. सुटण्याच्या वेळी सगळी मुलं एकदम रस्त्यावर येत. तिथे वीसची पाटी लागावी म्हणून मामांनी कचेऱ्यांचे इतके उंबरठे झिजवले की शिपाई त्यांना बघून आपणहून पाणी आणून देत. पाटी शेवटी लागली. त्या दिवशी मामींनी शिरा केला. आठवडा झाला नसेल तोच एका ट्रकनं मागे घेता घेता पाटी वाकवली. मामांनी लोहार नेऊन ती सरळ करवली. मग निवडणूक आली आणि वीसच्या आकड्यावर हात जोडलेल्या एका हसतमुख उमेदवाराचं चित्र चिकटलं. मामा घरून खवणीचं पातं घेऊन गेले आणि भर दुपारी उमेदवाराला खरवडू लागले. कार्यकर्ते जमले. मी सोडवायला गेलो तेव्हा मामा त्यांना लिफ्टचं उदाहरण देत होते. पुढे ती पाटी नाहीशीच झाली आणि काही महिन्यांनी एका बकऱ्यांच्या गोठ्याला दार म्हणून लागलेली दिसली. मामा उतरले, दाराकडे पाहत राहिले आणि परत येऊन गाडीत बसले. "निदान बकऱ्या तरी सावकाश जातात," इतकंच म्हणाले. मी हसलो, पण ते हसले नव्हते. नव्या नव्या गाड्या येत होत्या, रस्ते रुंद होत होते आणि रुंद झालेल्या रस्त्यावर माणसं अधिकच मरत होती. रोजचं वर्तमानपत्र मामा पहिल्या पानावरून वाचत नसत. आतल्या पानावर अपघातांच्या ओळी असतात, तिथून सुरुवात करत.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात आम्ही पेणहून एका बारशाचं जेवण करून परत येत होतो. मामा चालवत होते, मी शेजारी. कर्नाळ्याच्या जंगलापाशी रस्त्याच्या डाव्या कडेला कातकरी बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन उभ्या होत्या. ही त्यांची रोजची जागा, आणि अशा वेळी थांबायचं हा मामांचा रोजचा नेम. त्यांनी गाडी उभी केली. उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली आणि डाव्या हातानं पुढच्या बाईला 'ये' म्हटलं. ती निघाली. आमच्या गाडीच्या नाकापुढून ती पलीकडे गेली आणि त्याच वेळी मागून एक मोटार आमच्या उजव्या अंगानं, मामांच्या पसरलेल्या हाताला जवळजवळ चाटून, पुढे आली. मोळी उडून आमच्या काचेवर आपटली. मोटार थांबली नाही.

आम्ही तिला उचलून पांढऱ्या टॉवेलांवर आडवं केलं. तिची जाऊ डोकं मांडीवर घेऊन बसली. बाईचं नाव जानकी, हे त्या जावेच्या हाका ऐकून कळलं. मामांनी गाडी पनवेलकडे काढली. काटा चाळीसवर आला आणि तिथेच थांबला. मी म्हणालो की मामा, जरा जोरात घ्या. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा पुढच्या रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "हिच्यासारख्या आणखी आहेत रस्त्यावर." त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचाही आला नाही, आणि ते चुकीचं बोलत होते असं मला आजही म्हणता येत नाही.

जानकी वाचली. उजवा पाय मात्र मांडीतून मोडला होता आणि तो पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. थोडं आधी आणलं असतं तर पाय सुधारला असता का, हे मामांनी दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाही, त्यानं काही फरक पडला नसता. मामांनी दुसऱ्या दिवशी जाऊन तेच विचारलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता आणू नका.

ती घरी गेल्यावर आम्ही दोघं तिच्या वाडीवर गेलो. मामींनी तांदूळ, एक लुगडं आणि पोरांसाठी लाडू दिले होते. जानकी झोपडीच्या दारात पाय लांब करून बसली होती. तिनं पोराला आमच्यासाठी गोणपाट टाकायला लावलं. मामा तिला बरंच काही सांगणार होते. गाडीत त्यांनी ते मला म्हणूनही दाखवलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी फक्त, दुखतं का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, थंडीत दुखतं. मग ती आपली सहजच म्हणाली, "तुमी हात केलात म्हनून मी निगाले. नायतर आमी उब्याच असतो, समदा रस्ता रिकामा होईस्तवर." तिच्या बोलण्यात राग नव्हता. कसं झालं ते ती सांगत होती, एवढंच. नंतर तिनं जावेला हाक मारून आमच्यासाठी काळा चहा ठेवायला सांगितलं.

चहा घेऊन आम्ही गाडीपाशी आलो. मामांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. तिचा काही दोष नाही, तुमचाही नाही, त्या पळून गेलेल्या माणसाचा आहे, असं मी जे म्हणता येईल ते सगळं म्हणालो. त्यांनी ते ऐकून घेतलं. "मी एकटाच थांबलो होतो," ते म्हणाले. "तिला वाटलं, रस्ता थांबला." मग उतरून ते माझ्या बाजूला आले आणि मला पलीकडे सरकायला सांगितलं. त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही.

माझी बायको म्हणे की मामा आता शहाणे झाले. मला ते पटत नसे. लग्नाकार्याला मी त्यांना नेत असे तेव्हा ते माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसत. काट्याकडे पाहत नसत, पाट्या वाचत नसत. एसटीच्या गाड्या आम्हाला ओलांडून जात आणि त्यातलं कोणी हातही करत नसे. लिफ्टचं उदाहरण घरातल्या नव्या पिढीनं ऐकलेलंच नाही. जानकीकडे मात्र ते वरचेवर जात. बसनं जात आणि वाडीच्या बऱ्याच अलीकडे उतरून चालत जात. तिथे काय बोलत, कोण जाणे. मामींना विचारलं तर म्हणत, काही नाही, बसून येतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्याला जाणारा नवा रुंद रस्ता होऊ लागला. तेव्हा एका रविवारी मामा आपणहून म्हणाले, मला तो दाखवा. आम्ही पनवेलच्या बाहेर जिथवर काम झालं होतं तिथवर गेलो. रस्ता अजून सुरू व्हायचा होता. एवढा मोठा आणि एवढा मोकळा रस्ता मी कधी पाहिला नव्हता. मामांनी विचारलं, इथली माणसं हा ओलांडणार कशी? तिथल्या एका मुकादमानं सांगितलं की ओलांडायचाच नाही, दोन्ही बाजूंनी कुंपण येणार, गावातल्यांना खालून वाट केलीय. मामांना ती वाट पाहायची होती. आम्ही उतारावरून खाली गेलो. काँक्रीटचा चौकोनी बोगदा होता, आत गारवा होता आणि जमिनीवर थोडं पाणी साचलं होतं. मामा मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी वर पाहिलं.

"म्हणजे वर आता कोणाला कोणासाठी थांबायलाच नको," ते म्हणाले.

ते समाधानानं म्हणाले की खेदानं, मला कळलं नाही. विचारायचं राहून गेलं. रस्ता सुरू व्हायच्या आधीच मामा गेले. त्या दिवशी मी बोगद्याच्या तोंडाशीच उभा होतो. पलीकडून एक बाई दोन म्हशी हाकत आत आली. वाट तशी पुष्कळ रुंद होती, सगळ्यांना पुरली असती. तरी मामा भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी हात वगैरे काही केला नाही. बाई दिसेनाशी होईपर्यंत ते नुसते थांबून राहिले.